मर्ना आणि दोन काठांचा विमा

शेरर मंडळींच्या कारखान्यात पेट्या बनतात. माणसं पुरायच्या पेट्या. ओकच्या, चेरीच्या, अक्रोडाच्या लाकडाच्या. आत साटिनची गादी-उशी, बाहेर पितळी कड्या. ओहायो नदीच्या इंडियानाकडच्या काठावर, पुलाच्या अलीकडं, ती लांबोडकी इमारत म्हशीसारखी पसरून बसलीय आणि तिच्या पोटात मर्ना व्हॉयल्सची उभी हयात गेली.

मर्ना डुकरं पाळणाऱ्या घरातली. शाळा संपली तशी कारखान्यात शिवणाच्या टेबलाला बसली आणि मेलेल्या माणसांच्या उश्या शिवायला लागली. लग्न केलं तेही पॉलिशखान्यातल्या ड्वेनशी. ड्वेन काळजाच्या दुखण्यानं तरणाच गेला. आदल्या हिवाळ्यात त्यानं ज्या चेरीच्या पेट्यांवर हात फिरवला होता, त्यातलीच एक त्याच्या वाट्याला आली. मर्नानं त्याची उशी स्वतः शिवली, शनिवारी त्याला पुरलं आणि सोमवारी कामावर हजर झाली. घरी बसून भिंतींशी काय बोलायचं, असं तिचं म्हणणं.

पुढं साटिनच्या चकाकीनं डोळे अधू झाले, तसं म्हाताऱ्या मालकानं तिला ऑफिसात घेतलं. हजेरी, पगार, रजा, आजारपण हे सगळं तिच्याकडं. कुणाला अंतर्गळ झाला, कुणाच्या बायकोला दिवस गेले, हे कधीकधी नवऱ्याच्या आधी मर्नाला कळायचं. ती ते पोटात ठेवायची. म्हणून तर लोक तिला सांगायचे.

म्हाताऱ्या मालकाचा नातू ग्रेडी आता कारखाना बघायचा. कॉलेज शिकून आलेला, पोरगा तसा वाईट नव्हता. त्या साली ऑक्टोबरात तो लाकडाच्या चवडीवर चढला आणि सगळी यंत्रं बंद करायला लावली.

"यंदापासून कारखान्याचा सामायिक विमा बंद," तो म्हणाला. "कंपनीनं दर इतका वाढवलाय की तो भरला तर कुणाला पगारवाढ देता येणार नाही. म्हणून असं करायचं. आपापला विमा प्रत्येकानं विकत घ्यायचा. हप्ता आपण भरायचा, पावती आणून द्यायची. ठरलेल्या रकमेपर्यंतचे पैसे कारखाना पगारासोबत परत करेल."

भुसा खाली बसत होता. मग रंध्याजवळून हारलन बिशप म्हणाला, "म्हंजे मरायला मोकळे. पेटी तर घरचीच हाय."

सगळे हसले. ग्रेडीही हसला, जरा उशिरा.

"आन् कुठला विमा घ्यायचा, ते कोन सांगनार?" हारलननं विचारलं.

ग्रेडीनं मर्नाकडं बोट केलं. ही गोष्ट मर्नालाही तेव्हाच कळली. तिनं मालकाकडं असं बघितलं की उतरताना त्याचा पाय फळीत अडकला.

ऑफिसात आल्यावर ती म्हणाली, "ग्रेडी, मला त्यातलं काडीचं कळत न्हाई."

"कळणारा माणूस मी बोलावू शकतो, मिस मर्ना. पण त्याचं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतात."

ते खरं होतं.

मग ती शिकायला लागली. विमा घेणाऱ्यांच्या मदतीसाठी सरकारनं एक फोन नंबर दिलेला होता. तो लावला की पलीकडं बासरीची एकच धून वाजत राहायची. फोन खांद्यात धरून मर्ना उश्या शिवायची. हाताला सवय होती आणि शिवणाच्या टेबलाला तेवढीच मदत. धून थांबली की पलीकडची एक पोरगी बोलायची, आणि मर्ना तिला एकच गोष्ट तीनतीनदा विचारायची. कारखान्याचे पैसे घेतले की हप्त्यावरची सरकारी सवलत घेता येत नाही, हे तिला तिसऱ्या खेपेला कळलं. हारलनचा डाव दोन्ही घ्यायचा होता. त्याला तिनं आधीच सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी कर भरताना सरकार ते नरड्यात हात घालून काढून घेईल.

आता माणसांना एकेकटं बसवायचं कसं, हा प्रश्न होता. ऑफिसात बोलावलं की गडी घाबरतो, कारण आजवर ऑफिसात बोलावणं म्हणजे घरी पाठवणं. त्यात नोव्हेंबर लागलेला. नोव्हेंबरात ह्या खोऱ्यातल्या पुरुषांचं शरीर कामावर असतं आणि मन हरणांमागं. मर्नानं सरळ जेवणाच्या सुट्टीतलं पत्त्यांचं टेबल धरलं. तिथं रोज युकरचा डाव पडायचा. एक हात तिनं स्वतः घेतला आणि पानं वाटता वाटता विचारायला लागली. हातात पत्ते असले की माणूस पुढ्यातल्याच्या डोळ्यांत बघत नाही, आणि डोळ्यांत बघायचं नसलं की दुखण्याबद्दल बैजवार बोलतो.

"हारलन, तुझी बायको कोनत्या गोळ्या खाती?"

"निळ्या."

"कशावरच्या?"

"फ्रिजवरच्या. तिथंच असत्यात."

त्या दिवशी मर्नानं नियम केला. दर गुरुवारी संध्याकाळी विम्याचं बसायचं आणि बायकोशिवाय यायचं नाही. बायका आल्या, औषधांच्या बाटल्या पिशवीतून घेऊन आल्या, आणि काम रुळावर आलं.

एक खोच मात्र होती. जुन्या सामायिक विम्याला नदी दिसत नव्हती. इकडचा माणूस तिकडच्या डॉक्टरकडं जायचा, तिकडचा इकडं. कारखान्यातली निम्मी माणसं पुलापलीकडं केंटकीत राहायची. नव्या विम्याचं तसं नव्हतं. ज्या राज्यात, ज्या जिल्ह्यात तुमचं अंथरूण, तिथलाच विमा तुम्हाला मिळणार, आणि त्यातले डॉक्टरही बहुतेक त्याच काठाचे. बऱ्याच जणांना त्यानं फरक पडला नाही. सर्दीपडशाला कुठलाही डॉक्टर चालतो.

फरक पडला तो रॉयस टॅकेटला.

रॉयस कारखान्याच्याच काठाला, इंडियानात राहायचा आणि पेट्यांना झाकणं बसवायचा. बोलणं कमी. त्याचं झाकण मिटताना आवाज करत नसे, तसाच तोही. बायको लोमा. लोमाला सांध्यांचं दुखणं होतं, वयाच्या मानानं फार लवकर आलेलं. कोंबडी झोपेत दांडी धरते तशी तिची बोटं वळून गेली होती. मग पुलापलीकडच्या इस्पितळात डॉक्टर सोरेल म्हणून बाई भेटली. तिनं शिरेतून द्यायचं औषध सुरू केलं. तासभर सुई लावून बसायचं, की दोन महिने निभायचे. लोमा आता आपल्या सदऱ्याची गुंडी आपण लावायची, गाडी चालवायची, सकाळच्या न्याहारीच्या मऊ बिस्किटांचं पीठ हातानं मळायची. औषध फार महाग. विम्याशिवाय त्याचं नाव घेण्यातही अर्थ नव्हता.

गुरुवारी दोघं आली. मर्ना कम्प्युटरवर इंडियानाकडच्या एकेका विम्यात डॉक्टर सोरेलचं नाव घालून बघत राहिली. कशातच ती नव्हती. तिनं फोन लावला, बासरी ऐकली. पोरगी म्हणाली, तुमच्या काठाला सांध्यांचा एक डॉक्टर आहे, पण लांब, आणि उन्हाळ्यापर्यंत नवीन पेशंट घेत नाही.

"पुढची सुई कधी हाय?" मर्नानं विचारलं.

"जानेवारीत."

"आन् चुकली तर?"

"मागं एकदा चुकली व्हती," लोमा म्हणाली. "बर्फानं पूल बंद झाला तवा. रॉयसनं महिनाभर मला चमच्यानं भरवलं."

रॉयस खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो टेबलाला आला. पत्ते घेतले नाहीत.

"लोमाच्या आईचा पत्ता टाक," तो म्हणाला. "म्हातारी पलीकडंच ऱ्हाती. केंटकीचा विमा मिळंल, डॉक्टरीण बी मिळंल."

"तू ऱ्हातोस का तिथं?"

"त्या बाईच्या दारात मी थुकायला बी जात न्हाई. म्हाईत हाय तुला."

"मग कसा टाकू?"

हारलन मध्ये पडला. "खोटा पत्ता दिऊन निम्म्या गावानं गाड्यांना केंटकीच्या नंबरपाट्या लावल्यात मर्ना. तिथं कोन झोपतंय?"

"गाडीला सुई लावायची नसती," मर्ना म्हणाली. मग रॉयसकडं वळली. "हप्ता घेताना विमावाले काय बी इचारनार न्हाईत. त्या औषधाचं पैलं बिल बघितलं की मग इचारतील, बाई झोपती कुठं. तवा विमा रद्द झाला तर बिल कुनाच्या डोक्यावर बसनार? तुझं घर विकून बी फिटायचं न्हाई."

रॉयस उठला आणि निघून गेला. जाताना दार त्यानं आदळलं असतं तर मर्नाला बरं वाटलं असतं.

त्यानंतर टेबल गार पडलं. रॉयस कमी बोलणारा, त्यामुळं त्याच्या वाटचं बोलायला सगळे तयार होते. एका सकाळी मर्नाच्या खुर्चीवर पेटीला लावायची पितळी पाटी सापडली. तिच्यावर सुबक अक्षरात कोरलेलं होतं: मर्ना व्हॉयल्स, हिच्या हातून कधी चूक झाली नाही. मर्नानं ती पगाराचे कागद दाबायला टेबलावर ठेवून दिली.

ग्रेडीही दार लोटून आत आला. "मिस मर्ना, पत्ता तपासायला कोण येणार आहे? मी तर काही ऐकलेलं नाही."

"न्हाई ना ऐकलंस? मग तसं लिहून दे."

ग्रेडी गेला.

पण मर्नाला स्वस्थता नव्हती. घरी पावट्याची भाजी आणि मक्याचा पाव तसाच ताटात राहायला लागला. पत्ता टाकला असता तर कदाचित कुणी विचारलंही नसतं. हेच तिला खात होतं. चमच्यानं भरवणारा रॉयस तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हता.

हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार उजाडला आणि गावातले पुरुष नाहीसे झाले. सकाळी लोमा मर्नाच्या दारात आली. खुर्चीत बसली, कॉफी दोन्ही हातांत धरली.

"मर्ना, खोटा पत्ता नको म्हनतीस ना? मग खरा करू की."

"म्हंजे?"

"आमच्या घराला चाकं हायेत."

ते खरंच होतं. टॅकेटांचं घर म्हणजे पत्र्याचं लांबट चाकांवरचं घर. पंधरा वर्षं एका जागी उभं राहून ते पक्कं घर असल्यासारखंच वाटायला लागलं होतं. लोमा सांगत होती, की आईच्या मागच्या आवारात थोरल्या भावाचं असंच घर होतं. तो टेक्ससला गेला, पण जागा तशीच आहे. पाण्याचा नळ, मोरीचा पाइप, विजेचा खांब, सगळं.

मर्ना कितीतरी दिवसांनी हसली. "आन् रॉयस?"

"आधी आईला इचारू."

लोमाच्या आईचं नाव आयडाबेल. तिच्यात आणि जावयात आडवी आली होती ती कुत्री. पुराच्या वर्षी लोमा आणि रॉयस काही दिवस तिच्याकडं राहायला होते. रॉयसकडं रॅकून नावाच्या रानजनावराच्या रात्रीच्या शिकारीची कुत्री. रात्र झाली की त्यांचा गळा उघडायचा. आयडाबेलनं तिसऱ्या रात्री शेरीफला बोलावलं आणि शेरीफनं कुत्री उचलून नेली. ती सोडवून आणेपर्यंत त्यातली म्हातारी कुत्री तिथंच मेली. रॉयसनं त्या दिवसापासून सासूचं तोंड बघितलेलं नव्हतं.

दोघी पूल ओलांडून गेल्या. आयडाबेल स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. लोमानं सगळं सांगितलं. म्हातारीची सुरी थांबली नाही.

"त्यानं यिऊन इचारावं," ती म्हणाली.

"त्यो इचारनार न्हाई, आई."

"मग त्याला तुझ्या हातांची काय पडलेली न्हाई."

"तशी गोष्ट न्हाई," मर्ना म्हणाली. "आजवर पगाराच्या तासात खोटं लिहिलं न्हाई त्या गड्यानं. हिच्या हातांपायी खोटं बोलायला निघाला व्हता, मीच आडवी आले."

आयडाबेलनं आता सुरी ठेवली. "कुत्री किती हायेत?"

"चार," लोमा म्हणाली.

म्हातारीनं सालींचा ढीग बाजूला सारला. "मी आता रातीला कानातलं यंत्र काढून ठिवती. पलीकडचा शेजारी बी मेला. भुंकली तर भुंकू देत." मग परत सुरी उचलली. "पन इचारायला त्यानंच यायचं."

दोघी टॅकेटांच्या घरी परतल्या तेव्हा रॉयसला हरण मिळालेलं होतं. दारातल्या झाडाला उलटं टांगून तो कातडं सोलत होता. मर्नानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तो हात चालवत राहिला.

"केंटकीत," तो शेवटी म्हणाला. ज्या सुरात लोक तुरुंगात म्हणतात, त्या सुरात.

"पुलापलीकडं," मर्ना म्हणाली. "कारखान्याचा भोंगा तिथं बी ऐकू येतो."

हरण वाऱ्यानं गिरकी घ्यायला लागलं. लोमा पुढं झाली आणि तिनं त्याचा मागचा पाय धरला. दोन्ही हातांनी, बोटं मिटवून, घट्ट. हरण थांबलं. रॉयसनं तिच्या मुठींकडं बघितलं. मग त्यानं सोलायचं काम पुरं केलं, आणि ती पाय धरून तशीच उभी राहिली.

काम झाल्यावर त्यानं पाठीचं मऊ मांस कापून काढलं, कागदात गुंडाळलं, हात धुतले आणि गाडीत बसला. कुठं चाललास, असं कुणी विचारलं नाही.

सासू-जावयात काय झालं ते आयडाबेलनंच पुढं सगळ्या खोऱ्याला सांगितलं. रॉयसनं मांस टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मागची जागा रिकामी हाय का?"

"तुला दिसतीय की."

"मग घर आनू का?"

"आन. पन दार माझ्याकडं तोंड करून लावू नगंस."

कारखान्यात मग रॉयसच्या मागं सगळे लागले. इंडियानाचा माणूस केंटकीचा होणं म्हणजे धर्म बदलण्यासारखंच.

"आता बास्केटबॉलच्या दिवशी केंटकीवाल्यांचा निळा सदरा घालावा लागनार तुला," हारलन म्हणाला.

"त्यापरीस पेटीत झोपीन."

"झोप. झाकन कोन बसवनार?"

डिसेंबरच्या सुरुवातीला घर निघालं. रॉयसच्या बहिणीचा नवरा घरं ओढायचंच काम करायचा, त्यानं परवाने काढले. पत्र्याच्या घराच्या मागं झेंडा लावलेली गाडी, पुढं पिवळा दिवा, आणि पोलिसांनी पूल अडवलेला. ग्रेडीनं यंत्रं बंद केली आणि सगळे फाटकात उभे राहिले. घर करकरत पुलावर चढलं. नदीवरच्या वाऱ्यानं ते एका अंगाला कललं, तेव्हा मर्नानं शेजारच्या ग्रेडीची बाही धरली आणि घर सरळ होईपर्यंत सोडली नाही. छपरावरची टीव्हीची थाळी निखळून पाण्यात गेली. सगळ्यात मागं लोमा जुन्या मोटारीत, दोन्ही हात चाकावर, आणि मागच्या सीटवर चार कुत्री.

त्याच आठवड्यात आयडाबेलच्या स्वयंपाकघरात मर्ना कम्प्युटर घेऊन बसली. केंटकीचं पान इंडियानापेक्षा वेगळं होतं आणि तिला परत बासरी ऐकावी लागली. तिनं नवा पत्ता घातला. मग एका विम्यात डॉक्टरणीचं नाव घातलं, आणि ते आलं. आयडाबेलनं सगळ्यांपुढं सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पाव ठेवला. रॉयसनं तो सासूच्या हातून घेतला, हीच त्या संध्याकाळची मोठी गोष्ट.

"झालं?" त्यानं विचारलं.

"न्हाई. पैला हप्ता भर. त्यो भरल्याबिगर विमा सुरूच व्हत न्हाई."

"आधी पगारातनं कापायचे. कळायचं बी न्हाई."

"आता कळू दे. भर, पावती मला दे, तुझे पैसे तुला मिळतील."

त्यानंतर उरलेले गडीही एकेक करून टेबलाला परतले. मुदत संपायच्या आत सगळ्यांचं झालं. मर्नानं स्वतःचा विमा सगळ्यात शेवटी, कोट अंगात चढवता चढवता, निवडला.

जानेवारीत बर्फ पडला, पण आता लोमाच्या वाटेत पूल आडवा आला नाही. एका सकाळी रॉयस ऑफिसात आला. न बोलावता ऑफिसात आलेला तो पहिलाच गडी. त्यानं पावती टेबलावर ठेवली.

"लागली का सुई?" मर्नानं विचारलं.

"लागली. डॉक्टरीण म्हनली, पुढची मार्चात."

"हात कसे हायेत?"

"काल बिस्किटं क्येली तिनं. दोघी भांडत व्हत्या, पीठ कोन मळनार म्हनून." तो जरा वेळ तिथंच उभा राहिला. टोपी काढावी की नको, असं त्याला झालं असावं. "ह्ये पैसे कवा येतील?"

"शुक्रवारी, पगारासंगं."

"बरं," तो म्हणाला, आणि झाकणं बसवायला गेला.